कोयनेची दुसरी तार

यंत्रं एकमेकांची सुखदुःखं विचारत असत, तेव्हाची गोष्ट. एका रुग्णालयाच्या थंड खोलीत कोयना आणि वेण्णा या सर्व्हर बहिणी राहत. दोघींच्या पोटात आभासी यंत्रांची, म्हणजे यंत्राच्या आत चालणाऱ्या यंत्रांची, बिऱ्हाडं होती. त्या सगळ्यांचं सामान, म्हणजे त्यांची माहिती, आता एकाच सामायिक कोठारात ठेवायचं ठरलं, म्हणजे एक बहीण आजारी पडली तरी बिऱ्हाड दुसरीकडे उभं राहील.

धाकट्या वेण्णानं दोघींपासून कोठारापर्यंत दोन-दोन तारा जोडल्या आणि हाक दिली, "चला, सामान हलवा!"

"थांब गं," कोयना म्हणाली. "प्रत्येकीच्या दोन्ही तारा एकाच स्विचमधून, तारा जोडणाऱ्या एकाच पेटीतून जातात. वाटा दोन, पण वेस एकच."

"ताई, तू लग्नाआधीच सुतक धरतेस!"

कोयना हसली. तिनं दोघींची एकेक तार दुसऱ्या स्विचमधून नेली, पहिला स्विच मुद्दाम बंद करूनही कोठार गाठता येतं हे पाहिलं आणि मगच वेण्णाच्या पोटातल्या रक्तपेढीच्या यंत्राचं सामान हलवू दिलं.

पुढे ऐन शस्त्रक्रियेच्या वेळी पहिला स्विच जळाला. वेण्णाकडचं रक्तपेढीचं यंत्र मात्र दुसऱ्या तारेवरून रुग्णासाठी रक्त शोधतच होतं.

"मावशी, काही झालं का?" त्यानं विचारलं.

वेण्णानं थोरलीकडे डोळे भरून पाहिलं आणि ती त्याला म्हणाली,

"काही नाही रे बाळा. तू रक्त शोध."