चारशेच्या वरचं कोणाचं?

एका गावाच्या अगदी पुढ्यात एक नदी आडवी पडली होती. गाव या काठाला आणि वर्षाची मोठी जत्रा त्या काठाला! उन्हाळ्यात अख्खं गाव नदीच्या वाळूत कलिंगडं लावायचं. ढीगच्या ढीग, लालभडक, गोड. पण पलीकडे न्यायला होडी एकच. एका खेपेला वीस कलिंगडं जायची आणि त्यातलीही दोन पाण्यात पडायची. जत्रा तीन दिवसांत उठायची. मग उरलेली कलिंगडं याच काठावर सडायची आणि गावभर आंबूस वास सुटायचा.

शेवटी गाव वैतागलं. पूल बांधायचा, आणि यंदाच बांधायचा! पाटलांना तर जेवण जाईना. रोज उठून विचारायचे, "पाथरवट आला का? अजून नाही?"

पाथरवट आला. काठावर उभा राहिला, काठाजवळ चार ठिकाणी पहार खुपसून बघितली. म्हणाला, "मधला खांब दोन पुरुष खोल नेला की खडक लागेल. चारशे मोहरा होतील."

दोन पुरुष म्हणजे एकावर एक दोन माणसं उभी राहतील एवढं खोल.

आता या गावात एक भारी पद्धत होती. करार वाचताना वाचणारा सोडून प्रत्येकाने तोंडात गुळाचा मोठा खडा धरायचा. वाचून संपेपर्यंत तो चावायचा नाही, बोलायचं तर नाहीच! शुभ कामात कोणी वाकडं बोलू नये म्हणून.

तर सगळे गाल फुगवून बसले आणि पाटलांनी कागद वाचला. "पुलाच्या चारशे मोहरा. जास्त लागलेच, तर दोघांनी गोडीने बघावं."

तेवढ्यात होडीवाली बाई हात हलवायला लागली. "म्म! म्म म्म!"

सगळे नाकातून हसले. कागदावर अंगठे उठले, ढोल वाजला. गूळ गिळून ती धावत पाटलांकडे गेली. "अहो पाटील, मधे तळ लागत नाही! माझा बांबू सगळा आत जातो. नुसता गाळ आहे तिथे. दोन पुरुषांत कसला खडक?"

"झालं का तुझं सुरू?" पाटील म्हणाले. "पूल झाला की तुझी होडी बंद, म्हणून पोटात दुखतंय. अंगठे उठलेत, आता अपशकुन नको."

काम सुरू झालं. पाणी अडवलं, माणसं खाली उतरली, गाळाच्या पाट्या वर यायला लागल्या. दोन पुरुष खोल झालं. गाळच! अजून हातभर खणलं. गाळच! जत्रेला बत्तीस दिवस राहिले होते.

पाथरवटाचा मुकादम त्याला हळूच म्हणाला, "दादा, इथेच दगड रचू. वरून चुना, तोरण, फुलं. कोणाला कळतंय? चारशे घेऊ आणि निघू."

पाथरवटाने खड्ड्यात वाकून बघितलं. मजुरांचं देणं होतं, खोल जायचं तर पैसा कुठून आणायचा? पण पुलावरून भरलेल्या गाड्या जाणार, पोरंबाळं जाणार. तो चिखलाच्या पायांनीच पाटलांकडे गेला.

"पाटील, खडक लागत नाही. अजून खोल जावं लागेल. खर्च वाढेल."

"वाढू दे की! तुमचा अंदाज चुकला, तुम्ही भरा."

"मी कसा भरू? तळ काय मी केलाय? कागदात लिहिलंय, गोडीने बघावं."

"मग बघा ना गोडीने! मी चारशेच्या वर एक देणार नाही."

झालं! काम थांबलं. रोज पारावर तेच. कोणी म्हणे, पाच-दहा वर गेल्या तर त्या जास्त नाहीतच. कोणी म्हणे, चारशेवर एक गेली तरी जास्त. कोणी म्हणे, निम्मं-निम्मं करा. "निम्मं कशाचं? आधी किती लागणार ते तरी सांगा!" मजूर खड्ड्याच्या कडेला बसून खडे मारायचे. वाळूत कलिंगडं फुगत होती आणि लोकांची झोप उडाली होती.

शेवटी दोघं राजाच्या न्यायाधीशाकडे गेले. त्याने कागद उलटा केला, सुलटा केला. "जे लिहिलंय ते मी वाचीन. जे लिहिलंच नाही, ते कुठून वाचू? घरी जा आणि ठरवा."

परत आले तेव्हा सतरा दिवस गेले होते. होडीवाली बाई पारासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आता तरी बोलू का मी?"

पाटलांनी मान खाली घातली. "बोल बाई."

"जास्त म्हणजे कुठून, ते आधी ठरवा. दोन पुरुषांपर्यंत पाथरवटदादांचं, कितीही त्रास होवो. त्याखाली दर पुरुषाला वीस मोहरा, त्या गावाच्या. रचलेला दगड दादांच्या चुकीने ढासळला, तर त्याचा खर्च दादांचा, गावाचा नाही. आणि प्रत्येक पुरुष खणायच्या आधी गावाला सांगायचं. खणून झाल्यावर नाही!"

"आणि शंभर पुरुष लागले तर?" मागून कोणीतरी ओरडलं.

"तर सहाव्याला थांबायचं, परत बसायचं. तेही लिहा."

पाथरवट म्हणाला, "मला चालेल."

पाटलांनी कागद पुढे सरकवला. मग म्हणाले, "लिहा. आणि लिहून होईपर्यंत कोणी गुळाला हात लावू नका!"

पहार सहाव्या पुरुषाला ठण्णकन वाजली. खडक! दोनच्या पुढचे चार पुरुष, म्हणजे ऐंशी मोहरा. पाटलांनी तोंड वाकडं करून मोजून दिल्या, पण भांडण नाही, आवाज नाही. खोदायला पाच दिवस, बांधायला एकवीस. पूल असा झाला की बघत राहावं.

पण तोवर जत्रा उठून आठ दिवस झाले होते. मधे ते सतरा दिवस गेले नसते, तर पूल जत्रेच्या सहा दिवस आधीच उभा राहिला असता.

नव्या पुलावरून पहिली गाडी गेली ती सडक्या कलिंगडांनी भरलेली, पलीकडच्या उकिरड्यावर टाकायला. गाडीमागून पाथरवट आणि पाटील दोघं नाकाला उपरणं लावून चालत होते.

"खोदायला पाचच दिवस लागले हो, पाटील," पाथरवट म्हणाला.

"माहितीये," पाटील म्हणाले. "गप चला."

तात्पर्य: काम ठरवतानाच ‘अंदाजापेक्षा जास्त लागलं तर?’ हे विचारून घ्या. जास्त कुठून मोजायचं आणि ते कोणी द्यायचं, हे सगळे हसतमुख असतानाच लिहून टाका, कारण भांडण सुरू झाल्यावर तेच ठरवायला सगळ्यात महाग पडतं.