झिपरीची दाढ

बाभळीकडे अजून कुणी दातवण मागत नव्हतं, त्या काळची ही गोष्ट.

झिपरी नावाची अस्वलीण मध खाल्ला की चूळ न भरताच झोपायची. गोडवा तोंडात टिकला पाहिजे ना! गोडवा टिकला, पण त्याने दाढ पोखरली. ठणकून ठणकून ती पडलीच.

मग झिपरी इरेला पेटली. खाणं झालं की ओढ्यावर चूळ आणि झोपण्याआधी बाभळीच्या काडीने दात घासायचे. एक दिवस चुकवला नाही.

गालात पिकली उंबरं साठवून बसलेलं माकड हसलं, "झिपरीबाई, दाढ तर गेली. आता कशाला हा खटाटोप?"

"गेलेल्या एका दाढेसाठी रडत बसू, की उरलेल्या एकोणचाळीस दातांची राखण करू?"

माकडाने गालातली उंबरं घाईघाईने गिळली आणि हळूच विचारलं, "काडी कुठली मोडू?"