चाळीस धडे आणि कोरा पडदा

एकदा एका वृद्ध गुरुजींच्या दारात त्यांची एके काळची शिष्या रडवेल्या चेहऱ्याने येऊन उभी राहिली. नाव शलाका. मुलांना कोडिंग शिकवणारं संकेतस्थळ तिने तीन वर्षं खपून उभारलं होतं.

"गुरुजी, शाळेतल्या मुलांनी माझे चाळीसच्या चाळीस धडे पूर्ण केले. पण आज मुख्याध्यापिकांनी संगणकाचा कोरा पडदा समोर ठेवून 'मनाचं काहीतरी करून दाखवा' म्हटलं, तर एकालाही काही सुचेना! उद्या शेवटची संधी. नाहीतर शाळा माझे धडे बंद करणार."

गुरुजींना संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मूल चुकलं की काय होतं गं?"

"चुकूच देत नाही मी!" शलाका अभिमानाने म्हणाली. "सूचना चुकीच्या जागी ठेवली, की ती आपोआप योग्य जागी सरकते. लेकरांचा हिरमोड नको ना."

"ते तेवढं बंद कर. उद्या मी येतो."

दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात शिरले ते थेट संगणकापुढेच बसले. पडद्यावर एक शेळी, मध्ये विहीर, पलीकडे हिरवागार चारा. गुरुजींनी चष्मा सावरत सूचना रचल्या, बटण दाबलं, आणि शेळी धप्पकन विहिरीत! मुलं खो खो हसली. त्यांनी पुन्हा तेच केलं. पुन्हा विहीर. तिसऱ्यांदाही तेच! मुख्याध्यापिका घड्याळ बघू लागल्या. शलाकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात सहावीतली अक्षदा ताडकन उठली. "अहो गुरुजी, वळायच्या आधी पावलं मोजा की!"

"माझ्याच्याने नाही होत. तू कर बघू."

अक्षदानेही शेळी चारदा बुडवली. शलाका न राहवून मदतीला पुढे झाली, पण गुरुजींनी तिचा हात अलगद धरून ठेवला.

"थांबा, थांबा! एक पाऊल जास्त पडतंय!" अक्षदा ओरडली, आणि पाचव्या खेपेला शेळी चाऱ्याला जाऊन भिडली. वर्गाने असा गिल्ला केला, की शेजारच्या वर्गातले मास्तर धावत आले.

मग मुख्याध्यापिकांनी पुन्हा कोरा पडदा उघडला. अक्षदाने आपल्या गावची एसटी फाट्यावर वळवायला घेतली. एसटी झाडावर आदळली. पोरगी हसली, सूचना तपासल्या, पुन्हा चालवली. तासाभरात प्रत्येक बाकावर काही ना काही धावत होतं, नाचत होतं.

"सोमवारपासून पाचवी ते आठवी, सगळ्यांना शिकवा!" मुख्याध्यापिकांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. शलाकाला आनंदाने रडूच फुटलं.

बाहेर पडल्यावर तिने विचारलं, "गुरुजी, तुम्ही मुद्दाम चुकलात ना?"

"पहिल्यांदा खरंच चुकलो गं," गुरुजी मिश्कील हसले. "पुढचं मुद्दाम. अगं, पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात, तो पुढे सोडण्यासाठी. तू तो चाळीस धडे बांधूनच ठेवलास. पोरं तरंगली, पोहली नाहीत. स्वतःची चूक स्वतः हुडकली, की विद्या त्या लेकराच्या मालकीची होते. तो आनंद तू मायेपोटी काढून घेत होतीस."

 शलाकाने वाकून नमस्कार केला आणि घरी जाऊन चुका आपोआप सुधारणारी ती सोय कायमची पुसून टाकली.

तुमचंही लेकरू आज पडद्यापुढे एखाद्या चुकीपाशी अडून बसलं असेल, तर खुशाल बसू द्या. जिंकल्यावर ते धावत तुमच्याकडेच येणार आहे.