सांबराचे सुळे

जंगलात अजून माणसाची पायवाट पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका पाणवठ्यावरून चितळं आणि सांबरं सकाळभर झुंजली. दोन्हीकडची पाडसं पायदळी तुडवली गेली आणि दोन्ही कळप रडत माघारी फिरले.

सुतारपक्ष्याने त्या लढाईचं चित्र सागाच्या फळीवर कोरलं आणि काजळी फासून पळसाच्या पानांवर छापलं. चित्रात चितळं ताठ मानेने उभी होती आणि सांबरांना हातभर लांब सुळे होते. आठवड्याभरात चितळांच्या प्रत्येक जाळीत ते पान लटकलं.

कबरी नावाच्या चितळीचं पाडस त्या झुंजीत गेलं होतं. ती तणतणत सुतारपक्ष्याच्या झाडाखाली आली. “सांबराला सुळे कधी बघितलेस रे मेल्या? तू होतास तिथे?”

“नव्हतो. पण मावशी, बिनसुळ्यांचं चित्र दारात कोण लावतं?”

“आणि माझं पाडस कुठाय यात?”

“मेलेली पोरं दाखवली की कळपाचा धीर खचतो.”

काही वर्षं गेली. एका उन्हाळ्यात सांबराचं तहानलेलं पाडस त्या पाणवठ्यावर आलं. ते पान बघतच वाढलेल्या तरण्या चितळांनी त्याला घेरलं. म्हातारी कबरी धावत मध्ये घुसली. “आ कर रे बाळा. बघा मेल्यांनो, कुठायत सुळे?”

सगळ्यांनी वाकून त्याच्या तोंडात पाहिलं. मग एकजण म्हणाला, “अजून आले नाहीत. यायच्या आत मारलेला बरा.”

शिंगं खाली झुकली. कबरीने पाडसाला पोटाखाली घेतलं आणि ती कडाडली, “मग आधी मला भोसका! आणि त्या सुताराला सांगा, उद्याच्या चित्रात मलाही सुळे काढ.”