सत्त्याऐंशी हजार सहाशे साठ

"बंद न करता दुरुस्त होईल का?" हेमंतनं विचारलं.

गुलाबचाचांनी मान वर केली नाही. दर्ग्याच्या ओसरीवर बसून ते मोगऱ्याची फुलं ओवत होते.

"काय बंद न करता?"

"मशीन."

"कुठलं मशीन?"

कुठलं ते चाचांना चांगलंच ठाऊक होतं. पण माहीत असलेली गोष्ट समोरच्याच्या तोंडून वदवून घ्यायची त्यांची सवय जुनी होती.

कऱ्हाडच्या एसटी स्टँडमागं एके काळी चाचांचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. पाच मशीनं. त्यातली चार आल्या-गेल्यासाठी. पाचव्यापुढं मात्र पोरं चपला काढायचं तेवढं बाकी ठेवायची.

पाचव्या मशीनमध्ये फार काही नव्हतं. वरून लाल-हिरव्या परग्रहवाल्यांच्या रांगा धप्‌ धप्‌ करत खाली यायच्या. तळाशी आपलं एकुलतं एक जहाज. डावीकडं सरका, उजवीकडं सरका, गोळ्या मारा. जितके कमी उरतील तितके ते जोरात यायचे. एक रांग संपली की दुसरी. त्या खेळात जिंकून घरी जाता येत नसे, फक्त उशिरा मरता येत असे.

चाचा खेळायला शिकवायचे, पण मशीनला हात लावायचे नाहीत. दोन्ही हात पाठीमागं बांधून मागं उभे राहायचे. कोणी चुकलं की जिभेनं 'च्च' करायचे. त्या एका आवाजाला पोरं घरच्या माराहून जास्त भ्यायची.

"जहाजाकडं बघू नको," एवढंच सांगायचे. "मोकळी जागा कुठाय ते बघ."

हेमंत निकम त्यांचा पट्टशिष्य. म्हणजे तो स्वतः तसं सांगायचा. चाचांनी कधी सांगितल्याचं कोणाला आठवत नाही.

"तेच मशीन," शेवटी हेमंत म्हणाला. "पडदा हलतोय. अक्षरं तुटायला लागलीत. आज-उद्या जाईल, चाचा."

"जाऊ दे."

"त्यात श्रीरंगचं नाव आहे."

चाचांची सुई थांबली.

"किती वर्षं झाली?"

"एकवीस."

"एकदाही बंद नाही?"

"एकदाही नाही." हेमंतनं हे जरा छाती काढूनच सांगितलं. "दोन बॅटऱ्या आहेत. एक बदलताना दुसरी चालू असते. लाइट गेली, पूर आला, घराचं छप्पर बदललं... मशीन चालू. आईला मिरजेला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हासुद्धा तीन आठवडे बायकोच राहिली तिच्याजवळ. मी घर सोडलं नाही."

"आई आली परत?"

हेमंतनं मान हलवली. नाही.

चाचांनी अर्धी माळ तशीच परडीत ठेवली आणि उठून चपला घातल्या.

•

त्या मशीनमध्ये एकच नाव राहायचं. सगळ्यांत जास्त गुण ज्याचे, त्याची तीन इंग्रजी अक्षरं. दुसऱ्यानं मोडलं की पहिल्याचं पुसलं जायचं. आणि वीज गेली की सगळंच शून्य.

विजेचं काय व्हायचं ते कऱ्हाडकरांना सांगायला नको. म्हणून चाचांनी मशीनमागं ट्रकची बॅटरी जोडून ठेवली होती. दुकानाला कुलूप लागलं तरी पाचवं मशीन आत जागं असायचं. दुकानाचा विक्रम, म्हणायचे. गिऱ्हाइकाला चहा पाजायच्या आधी तो दाखवायचे.

दोन वर्षं तिथं हेमंतचं नाव होतं. एच, एम, टी. गावातली पोरं त्याला 'घड्याळ' म्हणून चिडवायची आणि तो वरवर चिडायचा. आतून त्याला गुदगुल्या व्हायच्या.

मग एका दुपारी त्याच्या धाकट्या भावानं, श्रीरंगनं ते मोडलं. सत्त्याऐंशी हजार सहाशे चाळीस. वर अक्षरं आली, आर, एन, जी. श्रीरंग वळून थोरल्याला म्हणाला, "दादा, बघ ना!"

दादानं बघितलं नाही. तो पायऱ्या उतरून निघून गेला. त्यानंतर आठ दिवस तो भावाशी एक शब्द बोलला नाही. एका घरात राहून श्रीरंग जेवून उठला की मग हा ताटावर बसायचा. सव्वीस वर्षांचा घोडा, आणि हे असलं रुसणं.

नवव्या दिवशी हायवेवर श्रीरंगच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं. तो जागेवरच गेला.

वर्षभरात पार्लरही बंद झालं. चार मशीनं भंगारात गेली. पाचवं हेमंतनं मागून नेलं, स्वतःच्याच एका अटीवर. बंद करायचं नाही. तर मग ते टेम्पोवर चढवलं, बॅटरी जोडलेली, पडदा चालू, परग्रहवाले धप्‌ धप्‌ करत उतरतायत, आणि टेम्पो स्टँडवरून ओगलेवाडीकडं निघाला. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, कसली तरी जाहिरात आहे.

•

मशीन हेमंतच्या घरात, हॉलमध्ये होतं. सोफा, टीव्ही वगैरे आतल्या खोलीत.

भिंतीवर फोटो होते. हेमंतकडं आता लांबून लांबून लोक यायचे, चाळिशी-पन्नाशीचे, टक्कल पडलेले. मशीनला हात लावायची परवानगी नव्हती. ते लांबूनच बघायचे, आवाज ऐकायचे, डोळे पुसायचे आणि म्हणायचे, काय दिवस होते. फोटो काढून परत जायचे.

"काय दिवस होते?" फोटो बघत चाचांनी विचारलं.

"म्हणजे... तेव्हा सगळं वेगळं होतं."

"गरम व्हायचं दुकानात. पंखा नव्हता."

चाचांनी मशीनची मागची फळी उघडली. धूळ, तापलेल्या तारांचा वास, आणि ती बारीक घूं घूं. कितीतरी वर्षांनी ते आत बघत होते. त्यांचं बोट बरोबर जागी गेलं.

"हा कपॅसिटर फुगलाय. इथूनच सगळ्यांना वीज जाते."

"बदलता येईल?"

"पाच मिनिटांचं काम. बंद करून."

"चाचा..."

"बंद करून, हेमंता."

"मग राहू दे." हेमंत मशीनपुढं येऊन उभा राहिला, कोणी अंगावर येणार असल्यासारखा. "जितके दिवस चालेल तितके चालेल. दुसरं काही नाही माझ्याकडं त्याचं. कपडे आईनं देऊन टाकले. मोटरसायकल पोलिसांकडं सडली. हे एवढंच त्याच्या हातचं आहे."

चाचा खुर्चीत बसले.

"हे त्याच्या हातचं नाही," ते म्हणाले.

हेमंतला आधी समजलंच नाही.

"टेम्पोचं टायर फुटलं होतं. आठवतं?"

"हो. पुलाच्या अलीकडं."

"स्टेपनीत हवा नव्हती. ड्रायव्हर आणि तू ती घेऊन रिक्षानं गेलात. मला म्हणालास, चाचा, तुम्ही मागं बसा, मशीन सोडू नका."

"तुमच्याशिवाय कोणावर भरवसा नव्हता."

"टायर फुटलं तेव्हाच मशीन कलंडलं होतं. वायर निघाली होती. स्टँड सुटल्यावर धुळीपायी ताडपत्री टाकली होती ना, तुम्ही गेल्यावर मी ती वर केली. पडदा काळा."

"नाही..."

"वायर जोडली. शून्य आलं."

"खोटं बोलताय. मी बंद करावं म्हणून बोलताय."

"तुला यायला तासभर लागणार होता. मग मी खेळलो."

हेमंतनं चाचांना त्या मशीनवर खेळताना उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"टेम्पोत, वाकून. ताडपत्रीखाली घामानं निथळत होतो. सहाशे चाळीसवर थांबायचं होतं मला. बरोबर सहाशे चाळीस झाले, मी बटणावरचं बोट उचललं, जहाज मरू द्यायला बाजूला नेलं... पण एक गोळी आधीच सुटली होती. ती लागली." चाचांनी पडद्याकडं बोट केलं. "वीस जास्त झाले."

पडद्यावर, हलणाऱ्या तुटक्या अक्षरांत, सत्त्याऐंशी हजार सहाशे साठ होते.

"परत खेळायला वेळ नव्हता. तुमची रिक्षा दिसली. मी त्याची अक्षरं घातली आणि खाली उतरलो."

आत स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"तुला कधी दिसलं नाही?" चाचांनी हळूच विचारलं. "वीस?"

"दिसलं होतं," हेमंत म्हणाला.

"कधी?"

"त्याच संध्याकाळी."

"मग?"

"म्हटलं, माझ्याच लक्षात चुकीचं राहिलं असेल."

ज्याला दहावीपासूनचे स्वतःचे सगळे आकडे तोंडपाठ होते, त्या माणसानं हे एकवीस वर्षं स्वतःला सांगितलं होतं. रोज सकाळी उठून सांगितलं असणार. हेमंत फरशीवर बसला.

"का केलंत, चाचा? त्या दिवशी सांगितलं असतंत तर... मी रडलो असतो आणि झालं असतं."

"तुझं तोंड बघवलं नसतं, असं मी स्वतःला सांगतो."

"आणि खरं?"

चाचांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्या हातांना फुलांचा वास होता.

"खरं ऐकवणार नाही तुला."

"आता काय उरलंय ऐकायचं?"

"तुम्ही बोलत नव्हता ना, त्यातल्या पाचव्या दिवशी श्रीरंग आला होता दुकानात. दुपारचा. कोणी नव्हतं. म्हणाला, चाचा, बॅटरीची वायर काढा."

हेमंतनं वर बघितलं.

"मी म्हटलं, येडा का काय तू? काढली तर तुझं जाईल. दादाचं काही परत येणार नाही. तर म्हणाला, जाऊ दे माझं. तिथं कोणाचंच नाव नसलं की दादा बोलेल."

"आणि तुम्ही?"

"मी हसलो."

"चाचा..."

"दुकानाचा विक्रम होता तो, हेमंता. गावात कोणाकडं नव्हता असला. पोरगा रडकुंडीला आला होता. मी त्याला हाकलून दिलं. खेळायचं तर खेळ नाहीतर घरी जा, म्हटलं. पुढं अल्लानं स्वतःच्या हातानं वायर काढून दिली, टेम्पोत. तेव्हाही मी ती परत जोडली आणि त्याचं नाव परत घातलं. दुसऱ्यांदा."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचं त्यांनी मनावर घेतलं नाही.

पडद्यावर परग्रहवाले उतरत राहिले. खाली जहाज चालवायला कोणी नव्हतं. मशीन आपलं आपल्याशीच थोडा वेळ खेळायचं, मरायचं, नाव दाखवायचं, पुन्हा सुरू करायचं. एकवीस वर्षं ते हेच करत होतं आणि एक माणूस त्याच्यापुढं बसून राहिला होता.

हेमंत उठला. मशीनच्या मागं गेला. तिथं त्यानं खूप वेळ काढला. चाचांनी त्याला हाक मारली नाही, घाईही केली नाही.

मग घूं घूं थांबली.

स्वयंपाकघरातून त्याची बायको सुलभा धावतच बाहेर आली, हात पिठाचे. लग्न होऊन या घरात आल्यापासून तो आवाज थांबलेला तिनं कधी ऐकला नव्हता. तिनं काळ्या पडद्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. तिथंच दाराला टेकून उभी राहिली.

हेमंत मागून बाहेर आला. वायर अजून त्याच्या हातात होती.

"संपलं," तो म्हणाला.

चाचांनी मान हलवली.

"एकच गोष्ट राहिली, चाचा. तीच आयुष्यभर खातेय मला." "मी त्याला माफ केलं होतं. मनातून तर सातव्या दिवशीच केलं होतं. त्याला सांगायचं तेवढं राहून गेलं."

"माफ?" चाचा म्हणाले. "अरे, तो जिंकला होता."