विहिरीतले हसू

बालाघाटच्या कुशीतल्या कारेगव्हाण गावी त्या काळी सद्गुरू उमानाथ महाराज राहत असत. गावाबाहेरच्या जुन्या मठाची ओसरी हेच त्यांचे घर. त्या साली गावात पाण्याचे फार हाल होते. एके दिवशी महाराजांनी मठाच्या आवारात काठीने एक जागा दाखवली आणि म्हणाले, "इथे खणा. धरणीआई देईल पाणी." झाले! सारा गाव विहिरीच्या कामाला लागला.

त्या कामावर गोजराबाई नावाची एक म्हातारी मातीच्या पाट्या भरत असे. नवरा केव्हाच गेलेला. पटकीच्या साथीत तिची दोन्ही तरणी मुले एका आठवड्यात गेली. सांधे इतके धरलेले, की खाली बसली म्हणजे उठताना डोळ्यांत पाणी येई. पण ही बाई सदा हसतमुख! पाटी उचलताना कळ आली, की स्वतःच्याच गुडघ्याला म्हणे, "काय रं बाबा, तुलाबी आजच रुसायचं व्हतं?" आणि खळखळून हसे. सोबतच्या बायाही हसत, आणि उन्हाचा ताप थोडा कमी होई.

हे हसणे दाजीशास्त्र्यांना मुळीच खपत नसे. शास्त्रीबुवा गावचे पुराणिक. विद्वत्ता मोठी, पण तिचा ताठाही तेवढाच. एकदा सर्वांसमक्ष ते म्हणाले, "पोटची पोरे गेली आणि ही देवाच्या दारात खिदळते! काळीज आहे की दगड?"

गोजराबाई खाली मान घालून निघून गेली. संध्याकाळी महाराजांच्या पायांशी बसून तिने विचारले, "महाराज, मी रडाया बसले तर पुन्हा उठायची नाय, म्हणून हसते. चुकतं का माझं?"

महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "गोजरे, तुझे दुःख देवाने पाहिले आहे. ते तू कसे वाहतेस, ते लोकांना काय विचारायचे? तू हस. तुझ्या हसण्याला आम्ही साक्षी आहोत."

पुढे एका सकाळी विहिरीला झरा लागला! गावात एकच आनंद झाला. जलपूजन करायला दाजीशास्त्री सोवळे नेसून विहिरीत उतरले. तळाशी गोजराबाई पूजेपुरती जागा साफ करीत होती. "बाजूला हो," शास्त्रीबुवा तिच्यावर खेकसले. एवढ्यात वरून मुरूम झरू लागला. कोणी ओरडेपर्यंत विहिरीची एक अख्खी बाजू धाडकन खाली आली!

धूळ बसली तेव्हा तळ दिसेनासा झाला होता. बायकांनी हंबरडा फोडला. विहीर खणणाऱ्या वडारांचा म्हातारा नाईक यल्लाप्पा दोराने थोडा खाली उतरला आणि पांढराफटक होऊन वर आला. "महाराज, मोठी शिळा तिरपी अडकलीया. तिच्याखाली पोकळी आसंल, तर माणसं जित्ती असतील. पर कुटं हाईत ते ठावं न्हाई. भलत्या ठिकाणी पहार बसली, तर शिळाच अंगावर जाईल त्यांच्या."

महाराज विहिरीच्या काठावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

खाली, त्या शिळेखाली, दोघेही जिवंत होते. काळोख दाट होता. शास्त्रीबुवांचा पाय दगडाखाली चेचला होता आणि झऱ्याचे गार पाणी कमरेच्या वर चढत होते. श्वास पुरेना. "मेलो! सोडवा!" असे ओरडत ते धडपडू लागले. त्या धडपडीने वरची माती आणखी सुटे.

"शास्त्रीबुवा, हलू नगा! माती येतीया," गोजराबाई म्हणाली. तिचा हात खांद्यातून निखळला होता.

"मला श्वास येत नाही गं!"

भीती तिलाही वाटत होती. पण ती म्हणाली, "आमचं मालक लई भित्रं. एकदा घरात चोर शिरला. मालक घाबरून कणगीत जाऊन लपलं. तेवढ्यात मी खोकले, तर चोर घाबरला, अन् त्योबी त्याच कणगीत शिरला! सकाळी झाकण काढते तर काय, दोघं एकमेकाला मिठ्या मारून थरथरत्यात! मालक म्हणत्यात कसं, 'अगं, चोर गेला का?' अन् चोर म्हणतो, 'व्हय, बगा की जरा, गेला का!'"

 मग शास्त्रीबुवांच्या छातीतून एक विचित्र आवाज निघाला. ते हसत होते! हसता हसता अडकलेला श्वास मोकळा झाला. धडपड थांबली. पाणी छातीला लागले होते, कळ तशीच होती, पण ते आता तिचा हात धरून उभे होते. गोजराबाईही हसू लागली. आणि त्याच वेळी, अगदी शेजारी, तिसरे कोणीतरी गडगडाट करून हसले!

वर काठावर महाराज एकाएकी मोठ्याने हसले. लोक चमकले. अशा वेळी हसणे? यल्लाप्पा रागाने काही बोलणार, तोच महाराजांनी हात वर केला. "ऐका."

साऱ्यांनी श्वास रोखले. मातीखालून, पूर्वेच्या अंगाने, बारीक हसू ऐकू येत होते!

"तिथे खणा," महाराज म्हणाले.

वडारांनी हलक्या हाताने माती ओढली. पाणी गळ्याशी आले असताना आधी गोजराबाई निघाली, मग दगड सरकवून शास्त्रीबुवांना काढले. त्यांचे पाय बाहेर आले मात्र, ती प्रचंड शिळा धप्पकन खाली बसली.

"इतका येळ ही शिळा अधांतरी ऱ्हायली कशी?" यल्लाप्पा पुटपुटला. "टेकू तर कशाचाच न्हवता."

"होता," शास्त्रीबुवा कापत म्हणाले. "आमच्या शेजारी कोणीतरी खांदा देऊन उभे होते. हसत होते."

सर्वांची नजर महाराजांकडे वळली. महाराज काठावरून तसूभरही हलले नव्हते. पण त्यांच्या उजव्या खांद्यावर ओला मुरूम थापलेला होता आणि त्याखालची कातडी सोलवटून रक्त आले होते!

लोकांनी शास्त्रीबुवांना बाजेवर घातले. बाज मठाच्या दारातून निघणार, तोच ते म्हणाले, "खाली ठेवा मला." मोडका पाय ओढत ते महाराजांच्या चरणांकडे सरकले. महाराज मागे झाले आणि त्यांनी गोजराबाईकडे बोट केले.

शास्त्रीबुवा वळले. चिखलाने भरलेल्या तिच्या पायांवर त्यांनी कपाळ टेकले. "आई, तुझ्या काळजाला मी दगड म्हणालो. क्षमा कर."

"अवं, उठा शास्त्रीबुवा! पाप लागंल मला," म्हणत ती मागे सरू लागली. महाराजांनी तिला थांबवले. "राहू दे गोजरे. पाय दुखत असूनही तो वाकला आहे. त्याला पोटभर वाकू दे."

सज्जनहो, काळोखात आपल्या शेजारी उभे राहणाऱ्या त्या उमानाथ महाराजांना आपणही मनोभावे वंदन करू या.