तिळूचा कण आणि नववीची गाडी

नववीच्या वर्गात, फरशीच्या फटीत राहायची तिळू मुंगी. एवढीशी.

एकदा तिला सापडला लाडवाचा कण. निघाली ओढत. तुरुतुरु, तुरुतुरु.

तेवढ्यात मुलांनी आणली छोटी गाडी. ठेवली खाली. ठप्प! नेमकी कणावर.

"ही गाडी आता आपली आपण चालणार," मुलं म्हणाली. सगळा वर्ग गाडीभोवती. तिळूच्या पोटात दुखलं. ती रोजच आपली आपण चालते. तिच्याकडे कोण बघतं?

"गाडी, गाडी, हल की. माझा कण सुटू दे."

"मी नाही हलत. संगणकाला सांगू दे."

तिळू गेली संगणकाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"संगणका, संगणका, सांग की. गाडी हलेना, माझा कण सुटेना. अन् कौतुक मात्र तिचंच."

"मी नाही सांगत. वर्गातल्या शमाताईला गाडीच्या पायऱ्या नीट लिहू दे."

तिळू गेली शमाताईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"शमाताई, शमाताई, लिही की. संगणक सांगेना, गाडी हलेना, माझा कण सुटेना. अन् कौतुक मात्र तिचंच."

"लिहिल्यात गं पायऱ्या. चुकलंय कुठे, तेच कळेना. बाईंना बोलू दे."

तिळू गेली बाईंकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बाई, बाई, बोला की. शमाताई लिहीना, संगणक सांगेना, गाडी हलेना, माझा कण सुटेना. अन् कौतुक मात्र तिचंच."

"मी नाही बोलत. आधी कुणीतरी गाडी व्हा. शमाच्या पायऱ्या चालून दाखवा."

गाडी कोण होणार? नववीची मोठी मुलं ती. कुणी लाजलं. कुणी बाकाखाली वाकलं.

"त्या गाडीपेक्षा मीच छान चालते," तिळू म्हणाली. राहिली उभी फरशीच्या मधोमध.

शमाताईने वाचलं, "पहिली पायरी. थांब."

तिळू थांबली.

"दुसरी पायरी. चाल."

तिळू हलेचना. "थांबायला सांगितलंय ना मला? मग चालू कशी?"

शमाताईने कपाळावर हात मारला.

मग बाई बोलल्या, "थांब घाल सगळ्यात शेवटी."

शमाताईने लिहिलं. संगणकाने सांगितलं. गाडी हलली. घर्रर्र, घर्रर्र. अन् तिळूचा कण सुटला.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. तिळूने नाक मुरडलं. त्या गाडीलाच असणार.

"तुला गं, तिळू," शमाताई म्हणाली.

खरंच की. सगळे तिच्याचकडे बघत होते. गाडी भिंतीपाशी जाऊन थांबली, तरी कुणाचं लक्ष नव्हतं. गाडी बिचारी फुरंगटून बसली.

तिळूने कण उचलला. गाडीच्या अगदी समोर बसून खाल्ला. कुटुम कुटुम. सावकाश.